साडेसातची सभा

काजल भोयरने बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं ते आवडीने आणि 'नागरी जीवन आणि नेतृत्व' घेतलं ते नाइलाजाने. नव्या अभ्यासक्रमात मुख्य विषयाच्या जोडीला एक छोटा विषय घ्यावाच लागतो. त्याला मायनर म्हणतात. काजलला संगणकाचा हवा होता. पण फॉर्म भरायच्या दिवशी सेलूच्या इंटरनेट कॅफेतली लाईन गेली, ती परत येईस्तोवर संगणकाच्या सगळ्या जागा भरल्या आणि पडद्यावर हा एकच विषय शिल्लक राहिला.

रात्री जेवताना तिने ही बातमी सांगितली, तेव्हा तिचे आजोबा वासुदेवराव हातातला घास हातातच ठेवून म्हणाले, "मायनर? आपल्या वावराजवळून जाते तेच?"

मांडवझरीत मायनर या शब्दाला तोवर एकच अर्थ होता. बोर धरणाचा मोठा कालवा, आणि त्यातून शेतांकडे फुटलेला लहान फाटा ती मायनर. तिला पाणी केव्हा सोडणार यावर गावातली निम्मी बोलणी चालत.

"नाई आबाजी, हा कॉलेजातला विषय हाये. गावाचा कारभार कसा चालते, लोकाईनं त्याच्यात भाग कसा घ्याचा, असं शिकवतेत."

"मंग त्याच्यासाठी वर्ध्याले जाची काय गरज? मले विचाराचं ना!" वासुदेवराव दहा वर्षं गावचे सरपंच होते. खुर्ची सोडून बारा वर्षं झाली तरी ते रोज सकाळी पांढरीशुभ्र टोपी घालून चौकातल्या पारावर जाऊन बसत, आणि अजूनही लोक त्यांना विचारल्याशिवाय नालीसुद्धा खोदत नसत.

"अन् मार्क कोन देईन? तुमी?" चुलीजवळून आजी आनंदाबाई म्हणाल्या. काजलला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

विषय शिकवायला लीना मॅडम होत्या. सिंदी मेघेहून स्कुटीवर येत, हेल्मेट टेबलावर ठेवत आणि पुस्तक न उघडता बोलायला लागत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गावातली कोणती जागा तुमची आहे?' मुलांनी घर, शेत, गोठा सांगितलं. मॅडमनी मान हलवली. "ते तुमच्या वडिलांचं. तुमची आणि शेजाऱ्याचीही, आणि ज्याचं तुमच्याशी पटत नाही त्याचीही, अशी कोणती?" काजलला तो विषय तिथून पुढे जरा बरा वाटायला लागला.

चौथ्या सत्राला प्रकल्प होता. प्रत्येकाने आपल्या गावात किंवा वॉर्डात भरणाऱ्या एका सार्वजनिक सभेला जायचं, तिथे काय होतं ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा. मॅडमनी दिलेल्या कागदांत एक ओळ होती की, ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायांची वेगळी महिला सभा झाली पाहिजे आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवलं पाहिजे. काजलने ती ओळ दोनदा वाचली. एकोणीस वर्षं ती मांडवझरीत राहत होती. असली सभा भरल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक सुमीत सर टेबलावर दोन मोबाइल आणि चार रजिस्टरं पसरून बसले होते. सरकारने त्यांच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं, पण गावाने ते मनावर घेतलं नव्हतं. माणूस तिशीतला, वर्ध्याहून मोटारसायकलवर येणारा, आणि तीन गावांचा कारभार एकट्याच्या डोक्यावर.

"महिला सभा होते ना," ते म्हणाले. "दर वर्षी होते." आणि त्यांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

मागच्या वर्षीची पंचवीस जानेवारी. वेळ सकाळी अकरा. उपस्थित महिला बासष्ट. खाली बासष्ट सह्या नि अंगठे. काजलने बोट फिरवत फिरवत आपल्या घरचं नाव शोधलं. आईची, म्हणजे मोहिनी भोयरची, सही होती. पण त्या दिवशी आई हिंगणघाटला मावशीच्या घरी लग्नाला गेली होती. काजलही सोबत होती, तिने साडी नेसून काढलेला फोटो अजून मोबाइलमध्ये होता. त्याच्या खाली 'आनंदाबाई वासुदेवराव भोयर' अशी सही होती. ते अक्षर काजलने लहानपणापासून पाहिलं होतं. पाय मोडल्यासारखा 'आ', आणि शेवटच्या अक्षराला दिलेली लांब शेपटी. ते आबाजींचं अक्षर होतं.

तिने मान वर केली. सुमीत सर खिडकीबाहेर पाहत होते.

"शिपाई अण्णाजी रजिस्टर घेऊन घरोघर जातात," ते हळूच म्हणाले. "मी आलो तेव्हा पद्धत हीच होती. मी चालू ठेवली. चूकच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ताई, अकरा वाजता हाक मारली तर बाया येत नाहीत."

"आणि आल्या तर?"

"आल्या तर मी खरीखुरी सभा घेईन. शब्द देतो."

त्या रात्री काजलने सगळ्यांसमोर आजीला विचारलं, "आजी, मागच्या सालच्या महिला सभेले तू गेलतीस का?"

"कोनती सभा?"

वासुदेवरावांनी पाण्याचा गडू उचलला आणि जरा जास्तच वेळ पीत राहिले. मग म्हणाले, "सही मी केली. अण्णाजी दारात उभा होता, हे वावरात होती. घरचीच बाई, घरचीच सही. त्याच्यात काय झालं?"

आनंदाबाईंनी ताटं उचलली, हात धुतले, पदराला पुसले. मग कोनाड्यातला पेन घेतला आणि वर्तमानपत्राच्या कडेला, ओठ घट्ट मिटून, आपलं नाव लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर गोल नि टपोरं. तो कागद त्यांनी नवऱ्यासमोर ठेवला.

"पाहा. माहा 'आ' असा असते. तुमचा चुकला."

काजलची आई पदर तोंडाला लावून आत पळाली. वासुदेवराव मात्र हसले नाहीत. ते उठून अंगणात गेले, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांनी नातीशी एक शब्द काढला नाही. काजलला वाईट वाटलं. रजिस्टरच्या गोष्टीने आबाजी दुखावले गेले, आणि त्यांना दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं. पण आजीने कागदावर नाव लिहिताना जशी मान ताठ केली होती, ते आठवलं की मागे फिरावंसंही वाटेना.

जानेवारीचा पहिला आठवडा तिने तयारीत घालवला. मोबाइलवर रंगीत पत्रक बनवलं: 'चला, आपल्या गावाचा निर्णय आपण घेऊ या!' खाली एका मुठीचं चित्र. गावाच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. पंचवीस तारखेच्या आधी एकदा सगळ्या बाया एकत्र बसाव्यात म्हणून तिने दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला समाजमंदिरात बैठक ठेवली. सतरंजी घातली, फळा आणला, भाषणाचे मुद्दे काढले.

तिघी आल्या. एक तिची आई. दुसरी शेजारची म्हातारी, जिला ऊन खायला बसायचं होतं. तिसऱ्या होत्या विमलाबाई, जरीचं पातळ नेसून, केसांत गजरा माळून. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "वान काय हाये?"

"कसलं वान?"

"हळदीकुंकू होय ना व? मी समजलो संक्रांतीचं बलावनं हाये. मायबाई, मी त हातचं काम टाकून आलतो!" विमलाबाई रागारागाने निघून गेल्या. म्हातारी उन्हाकडे सरकली. काजल फळा काखेत मारून घरी आली तेव्हा पारावरच्या माणसांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा आपल्या गप्पांना लागली. वासुदेवराव त्यांच्यात होते. त्यांनी मुद्दाम चष्मा पुसायला काढला.

घरी आईने युक्ती सांगितली. विमलाबाई ज्या समजुतीने आल्या, त्याच समजुतीने सगळ्यांना बोलवावं. "हळदीकुंकूच ठेव ना. वान म्हनून डबी-गिबी देऊ. बाया धावत येतीन. एकदा बसल्या का सांग मंग सभेचं."

काजलला ते पटलं. पण बाया जमवायच्या तर पंचफुलामावशीला विचारल्याशिवाय जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पंचफुला गावातल्या मजूर बायांची टोळी चालवायची. कोणाच्या वावरात किती बाया पाहिजेत हे शेतकरी तिला फोनवर सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या बाया तिथे हजर असत. पन्नाशीची, उंच, साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घातलेली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. हाक मारली तर मायनरच्या पलीकडच्या माणसाने वळून पाहावं असा तिचा आवाज.

त्या आठवड्यात टोळी भोयरांच्याच वावरात कापूस वेचत होती. काजल दुपारी, बाया भाकरी खायला निंबाखाली बसल्या होत्या तेव्हा, तिथे गेली. तिने सगळं सांगितलं. रजिस्टर, बासष्ट सह्या, रिकामी सतरंजी. बाया विमलाबाईंच्या गजऱ्यावर पोट धरून हसल्या. मग काजलने हळदीकुंकवाचं सांगितलं, आणि हसणं थांबलं.

एकजण भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत राहिली. दुसरीने पाण्याची बाटली उगाच उघडली, बंद केली. पंचफुलाने आपली भाकरी संपवली, हात झटकले.

"मंग मी कशी येऊ, पोरी?" तिने साधेपणाने विचारलं. "अन् हे शांता? अन् ते कोपऱ्यात बसली ते? हळदीकुंकवाले आमाले कोन बलावते?"

काजलचे कान लाल झाले. टोळीतल्या तीन बायांमागे एक बाई विधवा होती. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, आणि ती तिच्या लक्षातच आली नव्हती. 'सर्वांचा सहभाग' या धड्यात तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते.

"चुकलं माहं, मावशी," ती म्हणाली.

"चुकलं त चुकलं. त्याले काय होते." पंचफुलाने बाटलीतलं पाणी पिऊन बाटली तिच्याकडे सरकवली. "मले एक सांग. तुही सभा अकराले काऊन असते?"

"तशीच ठेवतेत."

"अकराले आमी कुठं असतो?"

"वावरात."

"संध्याकायी?"

"स्वैपाक."

"अन् सकाळी साडेसातले?"

काजलच्या डोक्यात लखकन उजेड पडला. सकाळी आठला टोळीची गाडी चौकात येत असे. साडेसातपासून चाळीसेक बाया, कमरेला ओढणी बांधून, डोक्यावर डब्याची पिशवी घेऊन चौकात उभ्याच असायच्या. रोज कॉलेजच्या बसला जाताना ती त्यांच्यातूनच वाट काढत जायची.

"आमी त रोजच जमतो," पंचफुला म्हणाली. "आमाले गोळा कराची काय गरज? सभाच आमच्यापाशी आन ना."

दुसऱ्याच दिवशी काजल सुमीत सरांकडे गेली. साडेसात ऐकून त्यांचा चेहरा पडला. "साडेसात? म्हणजे मला वर्ध्याहून थंडीत साडेसहाला निघावं लागेल!"

"सर, सभा अकरालाच घ्या असं कुठं लिहिलंय का?"

त्यांनी खरोखरच कागद चाळले. मग हसले. "नाही. अकरा ही माझी सोय आहे." आणि त्यांनी नोटीस लिहिली: पंचवीस जानेवारी, सकाळी साडेसात, स्थळ चौक. अण्णाजीने ती फळ्यावर डकवली आणि पहिल्यांदाच रजिस्टर घेऊन घरोघर जायचं नाही हे कळल्यावर त्याच्या गुडघ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला.

पंचवीसच्या सकाळी थंडी कडाक्याची होती. सुमीत सर कानटोपी घालून, रजिस्टर जॅकेटमध्ये खुपसून आले. मागोमाग लीना मॅडमची स्कुटी आली. त्यांना काजलने नुसतं कळवलं होतं, त्या येतील असं वाटलं नव्हतं. सरपंच प्रफुलभाऊ शाल गुंडाळून उभे होते. आणि चौकात बाया होत्या. टोळीतल्या सगळ्या. त्यांच्याखेरीज ज्यांना पंचफुलाने आदल्या दिवशी दारोदार सांगितलं होतं त्या. विमलाबाईसुद्धा, आज गजरा न माळता. अण्णाजीने मोजल्या, त्रेपन्न. समोर पारावर नेहमीची सात-आठ माणसं बसली होती. वासुदेवराव मधोमध, तोंड दुसरीकडे करून.

"आधी सभेची अध्यक्ष निवडा," सुमीत सर म्हणाले. "जमलेल्यांतूनच."

"काजल!" चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. "तेच शिकून राह्यली ते."

काजलच्या खिशात भाषण होतं. चार पानी, पाठ केलेलं. तिने खिशावर हात ठेवला आणि भाषण तिथेच राहू दिलं. "पंचफुलामावशी," ती म्हणाली.

"ऐ व, मले लिहता येत नाई!"

"लिहायला मी आहे," सुमीत सर म्हणाले. "तुम्ही फक्त सभा सांभाळा."

पंचफुलाने एकवार बायांकडे पाहिलं, रोज सकाळी मोजणी करताना पाहायची तसं. मग ती ग्रामपंचायतीच्या पायरीवर चढली. "आइका! आठले गाडी येते. जिले बोलाचं हाये तिनं मुद्द्याचं बोला. घरची भांडनं इथं आनू नका. हं, कोन बोलते?"

थंडीत तोंडातून वाफा तेवढ्या निघत होत्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "बसाले जागा पाहिजे."

"जोरानं बोल, गीता."

गीता पुढे आली. तिला आठवा महिना चालू होता. ती वेचायला जात नव्हती, पण सासूला डबा द्यायला चौकात यायची. "आमी इथं अर्धा अर्धा घंटा उभ्या राह्यतो. गाडी कधी नऊलेई येते. मान्साईले पार हाये, पानठेला हाये, देवळाचा ओटा हाये. बाईनं कुठं बसाव? दवाखान्याच्या गाडीची वाट पाहाची तरी उभ्यानंच."

पारावरून एक आवाज आला, "घरी बसा ना मंग!" आणि दोन-तीन माणसं हसली.

पंचफुलाने नुसती मान वळवली. "घरी बसलो त तुहा कापूस कोन वेचन रे, बाबुराव? तुहा पार?"

आता हसल्या त्या बाया, आणि अशा हसल्या की निंबावरचे कावळे उडाले. बाबुरावांच्या शेजारचाही हसला. लीना मॅडमनी तोंडावर ओढणी धरली.

"जागा कोणती?" सुमीत सर म्हणाले. "ठराव लिहायचा तर जागा लिहावी लागेल. चौकात मोकळी सरकारी जागा नाही."

चर्चा तिथे अडली. एक म्हणाली शाळेजवळ, दुसरी म्हणाली तिथे सांडपाणी साचतं. कोणी म्हणालं देवळामागे, तर ती जागा खासगी निघाली. आठ वाजायला दहा मिनिटं राहिली. एवढं जुळून येऊन सगळं गाडीच्या हॉर्नमध्ये विरून जाणार असं काजलला वाटलं.

तेव्हा पारावरून खाकरण्याचा आवाज आला. वासुदेवराव उठून उभे राहिले होते. त्यांनी टोपी नीट केली.

"अध्यक्षबाई," ते म्हणाले, "मले बोलाची परवानगी हाये का?"

पंचफुला क्षणभर गडबडली. या माणसाच्या वावरात ती वीस वर्षं वेचत होती आणि आजवर त्याने तिला 'ए पंचफुला' याखेरीज हाक मारली नव्हती. मग तीही सरळ उभी राहिली. "बोला. थोडक्यात बोला."

"जागा हाये. ग्रामपंचायतीच्या बाजूनं जुना कोंडवाडा. मोकाट ढोरं कोंडाचे तिथं. वीस वर्सापासून बंद हाये, नोंदीत अजून पंचायतीच्याच नावानं हाये. मी सरपंच असताना मोजून घेतलती. आत कडुनिंब हाये. भिंत पाडली त सारा चौक दिसते."

"आमाले कोंडवाड्यात बसवता का, मामाजी?" विमलाबाई ओरडल्या, आणि पुन्हा सगळा चौक हसला. वासुदेवरावही हसले, या वेळी खरे. काजलने ते हसू जवळजवळ महिन्याने पाहिलं.

"भिंत पाडल्यावर त्याले कोंडवाडा कोन म्हनन?" ते म्हणाले. "त्याच गोट्यांचा ओटा बांधा. तुमी म्हनान ते नाव."

हात वर झाले. सुमीत सर कानटोपी वर सारून भराभर लिहू लागले. तेवढ्यात गाडी आली आणि चालकाने हॉर्न वाजवला. पंचफुलाने त्याला तळहात दाखवला. "थांब जरा! सह्या होऊन राह्यल्या!"

रांगेत पहिल्या उभ्या होत्या आनंदाबाई. त्यांनी पेन घेतला, रजिस्टर आपल्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत नाव लिहिलं. मागच्या बाया घाई करू लागल्या. "करू द्या," पंचफुला म्हणाली. "चांगली होऊ द्या सही."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत ठराव वाचला गेला. विरोध कोणी केला नाही. बाबुरावांनी तर हात सगळ्यांत आधी वर केला, बहुधा पंचफुला समोरच बसली होती म्हणून. सुमीत सरांनी खरं ते सांगितलं की, काम आराखड्यात बसायला वेळ लागेल. त्यावर पंचफुला म्हणाली की भिंत पाडायला आराखडा लागत नाही. बाजाराच्या दिवशी टोळीला सुट्टी असते. त्या सकाळी तीसेक बाया नि दहा-बारा माणसं कुदळी घेऊन कोंडवाड्यात उतरली. रत्नदीप मिस्त्रीने ओळंबा लावून ओटा बांधला, तो होळीच्या आधी उभा राहिला. लांबलचक, निंबाच्या सावलीत, गीतासारखीला टेकून बसता यावं म्हणून पाठीशी आधार असलेला.

काजलने अठरा पानांचा अहवाल लिहिला. लीना मॅडमनी तो परत दिला तेव्हा पानापानावर लाल गोल होते. "मी ठरवले", "मी बायांना एकत्र आणले", "मी मार्ग काढला". प्रत्येक 'मी'भोवती एक गोल.

"तेवीस आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी तिथे होते काजल. मला तर एवढी तू दिसली नाहीस."

काजलला आधी राग आला, मग हसू आलं. "मॅडम, मग काय लिहू? हळदीकुंकवाचं पण लिहू?"

"ते तर आधी लिही."

तिने अहवाल पुन्हा लिहिला. निंबाखालची ती दुपार, पंचफुलाचा तो प्रश्न, आपले लाल झालेले कान, सगळं लिहिलं. तो अकरा पानांचा झाला आणि तिला पन्नासपैकी त्रेचाळीस मिळाले. उरलेल्या सातांबद्दल ती मॅडमशी भांडली आणि हरली.

मेच्या ग्रामसभेआधीची महिला सभा तीस एप्रिलला होती, पण त्या दिवशी वर्ध्याला तिची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सकाळी सव्वाआठला ती पांढरा कोट घालून प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात उभी होती, तेव्हा आईच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे आजी होती, आणि मागे कल्ला.

"झाली सभा," आनंदाबाई ओरडून बोलत होत्या. "सत्तर बाया आलत्या. अंगनवाडीच्या पंख्याचं ठरलं. अन् पानठेल्यावाला ओट्याच्या कडेले थुकते, त्याले नोटीस द्याचं ठरलं. तो तिथंच उभा होता, बापा!"

"पंचफुलामावशी काय म्हणाल्या?"

"तिनं अध्यक्ष व्हाले नाई म्हटलं. म्हने, दर खेपेले मीच काऊन? दुसरीनं शिकाव."

"मग कोन झालं?"

आजी एकदम हळू आवाजात बोलली, शेजारचीने ऐकू नये तशी. "मी."

काजल एवढ्या जोरात हसली की व्हरांड्यातल्या मुली वह्यांतून डोकं काढून पाहू लागल्या. "आजी! अन् आबाजी?"

"ते पारावर होते. दोनदा मधात बोलले. मी म्हटलं, हात वर करा, मंग बोला." फोनवर आजी खुदकन हसली. "केला त्याईनं हात वर."

आतून घंटा वाजली. काजलने डोळे पुसले, फोन बंद करून पिशवीत टाकला आणि आपल्या टेबलाचा नंबर शोधत आत गेली.